सातव्या गटाची चिठ्ठी

१

फाइलचं कव्हर होतं. आतली चौदा पानं नव्हती.

सकाळी सव्वानऊला दप्तरखान्याचे मामा ते कव्हर दोन्ही हातांवर आडवं धरून माझ्या खोलीत आले. टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. एकतीस वर्षं दप्तरखाना सांभाळलेला माणूस.

"साहेब, यातला जबाब गेलाय," ते म्हणाले. "त्याच्या जागी हे होतं."

हे म्हणजे एक छापील चिठ्ठी. 'गद्दार आम्हाला सापडला आहे. आम्ही त्याच्या दारापर्यंत पोचलो आहोत. सातवा गट.'

मी तेव्हा दहशतवादाविरुद्ध काम करणाऱ्या एका कार्यालयाचा प्रमुख होतो. हत्यार टाकून परत आलेल्या माणसांना नवं नाव, नवं गाव आणि हाताला काम देणारा एक विभाग आमच्याकडे होता. ही फाइल त्यातल्याच एकाची. तो गवंडीकाम शिकला होता, म्हणून आम्ही त्याला गवंडीच म्हणायचो. नऊ वर्षांपूर्वी शहराच्या बसस्थानकात स्फोट झाला आणि एकोणीस माणसं गेली. तिथे बॅग ठेवणारा हाच. सहा वर्षांनी तो स्वतःच्या पायांनी चालत आला, टोळीची स्फोटकांची तीन कोठारं दाखवली, दोन मोठे घातपात त्यामुळे टळले. न्यायालयाने त्याबदल्यात त्याला अभय दिलं. आता बायको आणि सहा वर्षांची मुलगी त्याच्यासोबत राहत होती, आणि त्याच दिवशी त्याची फाइल कायमची मोहोरबंद व्हायची होती.

मी घड्याळ पाहिलं आणि अर्ध्या तासात तीन हुकूम दिले. गवंड्याच्या घराभोवती साध्या कपड्यांतली माणसं, त्याला कळू न देता. दुपारी चारला त्याचं कुटुंब हलवायचं. आणि बरोबर त्याच वेळी दोनशे जवानांनी डोंगरापलीकडच्या वस्तीवर छापा घालायचा, म्हणजे एकीकडची बातमी दुसरीकडे फुटायला नको. गवंडी मूळचा त्या वस्तीतला. त्याचे जुने साथीदार तिथलेच.

आणि आमच्या कार्यालयात त्या वस्तीचा एकच माणूस होता. आमचा दुभाषी. आदल्या दिवशी दुपारी तो दप्तरखान्यात गेल्याची नोंद होती.

दहा वाजता मी त्याला तळमजल्यावरच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला ते अपराधीपणाचं लक्षण वाटलं.

मग मी बाईंना फोन केला.

२

बाई म्हणजे माझ्या गुरू. आमच्या प्रशिक्षण संस्थेत त्यांनी पंचवीस वर्षं डावपेच शिकवले. हत्यार टाकणाऱ्यांसाठीचा विभाग त्यांच्याच डोक्यातून निघालेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण मी प्रमुख झालो तरी त्यांच्यासमोर बसताना खुर्चीच्या कडेवरच बसायचो.

त्या आल्या, चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली. चहा नको म्हणाल्या. मी माझे तीन हुकूम सांगितले.

"छापा कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच."

"नाही रे. ह्या चिठ्ठीच्या सांगण्यावरून." त्यांनी कागद पालथा केला. "मी तुम्हाला पहिल्या तासाला काय विचारायचे?"

मी शाळकरी पोरासारखं उत्तर दिलं. "स्फोट कुणासाठी केला जातो."

"आणि उत्तर?"

"मरतात त्यांच्यासाठी नाही. बघतात त्यांच्यासाठी."

"पाठ आहे म्हणजे. मग मला सांग, ही चिठ्ठी कोण बघणार होतं? गवंडी? त्याला तर तू कळूही दिलं नाहीस. बघणारा एकच होता, तो ह्या खुर्चीत बसतो." त्यांनी चिठ्ठीवर बोट टेकवलं. "दहशतीचे हात आखूड असतात, म्हणून ती समोरच्याचे हात वापरते. चारला तुझे दोनशे लोक वस्तीतली दारं तोडतील. पाचला टोळीची भरती सुरू होईल. त्यांना एक गोळीसुद्धा खर्च करावी लागणार नाही."

"म्हणजे टोळीनेच मला डिवचलंय?"

"तसं असतं तर निदान हुशारी म्हटली असती. पण टोळीला गवंडी हवा असता, तर तिच्या माणसाने पानांचे फोटो काढले असते आणि फाइल जागच्या जागी ठेवली असती. चोराने कधी दवंडी पिटल्याचं ऐकलंयस? आणि खाली सही बघ."

मी चिठ्ठी सुलटी करून बघितली. सातवा गट. त्यात मला काहीच खटकलं नाही.

"ते स्वतःला काय म्हणवतात?"

"जागे लोक."

"वर्तमानपत्रं काय म्हणतात?"

"डोंगरवाले."

"आणि सातवा गट कोण म्हणतं?"

"आम्ही," मी म्हणालो. तो आमच्या यादीतला क्रमांक होता. आमच्याच टिपणांत, आमच्याच बैठकांत, दिवसातून वीस वेळा तोंडात येणारा. म्हणूनच तो डोळ्यांना खुपला नव्हता.

"आपण सातवे आहोत हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकसुद्धा नसेल," बाई म्हणाल्या. "पहिले सहा कोण, हे मोजायला ते कधी तुझ्या कार्यालयात आलेत? ही चिठ्ठी ह्या इमारतीत लिहिली गेलीय."

३

आदल्या सकाळी फाइल पूर्ण होती असं मामांनी सांगितलं होतं, आणि नोंदवहीत त्यानंतर दुपारची तीनच नावं होती. मेजर, ताई आणि दुभाषी. तिघांनीही इतर कामाच्या फाइली पाहिल्याचं लिहिलं होतं, पण दप्तरखान्यात कपाटांच्या रांगा अशा आहेत की आत गेलेला माणूस कुठल्या कप्प्यापाशी उभा आहे हे दारातून दिसत नाही.

मेजर आमचे प्रशिक्षक. स्फोटकं निकामी करताना उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. गवंड्याला अभय मिळालं त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर मूठ आपटली होती.

"मला तो माणूस आवडत नाही," ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "लपवत नाही मी. एकोणीस जिवांना तीन कोठारं, हा कुठला हिशेब? पण चिठ्ठ्याबिठ्ठ्या लिहिणं आपल्याला जमायचं नाही बाई. मला राग आला तर मी समोर जाऊन थोबाडात देईन."

"हा विभाग बंद पडला तर तुम्हाला बरं वाटेल?"

"वाटेल." मग खुर्ची मागे सारत, "कोठारं मीच निकामी केली पण. दुसऱ्या कोठारात शाळेच्या दप्तरांत भरलेला माल होता. तो आला नसता तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि उठून गेले.

ताई आमच्या समुपदेशक. परत आलेल्या माणसांशी आठवड्यातून दोनदा बोलायचं काम त्यांचं. त्या आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"त्याला अजून सांगितलं नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "कृपा करून सांगू नका. तीन वर्षांनी आत्ता कुठे तो खिडकीकडे तोंड करून बसायला लागलाय. आधी भिंतीला पाठ लावूनच बसायचा. हत्यार टाकायला एक दिवस पुरतो, बाई. मनातून टाकायला किती लागतात कोण जाणे. घाबरला की माणूस ओळखीच्या वाटेने पळतो. त्याच्या ओळखीची एकच वाट आहे."

"त्याचा जबाब तुम्ही वाचलाय?"

"माझ्याकडे प्रत आहे. तिजोरीत. हवी असेल तर आत्ता आणते."

ताई गेल्यावर बाईंनी रिकामं कव्हर पुढे ओढलं. ते अगदीच रिकामं नव्हतं. आत चार कागद शिल्लक होते, सुती टॅगमध्ये नीट ओवलेले. टॅगची गाठ बारीक होती आणि तिची टोकं आत खोचलेली होती.

"हे कागद कसले?" बाईंनी विचारलं.

मी एकेक उलटून पाहिले. बायकोच्या दवाखान्याची टिपणं आणि मुलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज. वर शाळेचं नाव स्वच्छ अक्षरांत.

"चौदा पानांच्या जबाबात त्याचा आजचा पत्ता आहे?"

"नाही. तो कुठेच लिहिलेला नाही. पण ह्या अर्जावरून अर्ध्या दिवसात सापडेल."

"आणि चोराने नेमका तोच अर्ज मागे ठेवला." बाईंनी टॅगच्या गाठीवरून बोट फिरवलं. "चोराने टॅग सोडला, जबाब काढला, बायको-मुलीचे कागद पुन्हा ओवले आणि गाठ मारली. त्याला त्या लेकराला धक्का लागू द्यायचा नव्हता. मला दुभाष्याकडे ने."

दुपारचा दीड वाजला होता.

४

दुभाषी पाठ ताठ ठेवून बसला होता. समोरचं पाणी तसंच होतं.

"तुझी आई वस्तीत असते ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आज काय होणार आहे ते तुला माहीत आहे?"

"साहेबांनी सांगितलं नाही. पण बाहेर गाड्यांचे आवाज येतायत. एवढ्या गाड्या कुठे जातात ते मला माहीत आहे." तो माझ्याकडे वळला. आवाज शांत होता. "मागच्या छाप्यात आईचं दार तोडलं होतं. ते मीच परत बसवलं. तेव्हाही मी इथेच कामाला होतो, साहेब. दुसऱ्या दिवशी वेळेवर आलो होतो."

मी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

"गवंड्याचा जबाब भाषांतरित कुणी केला?" बाई म्हणाल्या.

"मी. त्याला आमचीच बोली येते फक्त. सहा दिवस लागले."

"अजून आठवतो?"

"विसरता आला तर बरं होईल."

खोलीबाहेर आल्यावर बाई जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे.

"आता तू सांग," त्या म्हणाल्या. "तुला शिकवलंय मी."

मी भिंतीला टेकून मोठ्याने विचार करू लागलो. ज्याने चौदा पानं शब्दन् शब्द भाषांतरित केली, त्याला ती चोरायची गरजच नव्हती. शिवाय चिठ्ठी ठेवली की पहिलं बोट त्याच्याकडेच जाणार, हे त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणावं? ताईंकडे प्रत होती, आणि गवंडी घाबरला तर त्यांचीच तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. मेजरांना राग होता, पण दोन बोटांच्या हाताने ती गाठ मारता येत नाही. ते बुटांच्या नाड्यासुद्धा बांधत नाहीत, पट्ट्यांचे बूट वापरतात.

"मग तिघंही सुटले," मी म्हणालो. "नोंदवहीत चौथं नावच नाही."

"नोंदवही कोण लिहितं?"

मामा. मी खाली बसलो. बाईंच्या शेजारी, पायरीवरच.

५

दप्तरखान्यात चाळीस हजार फाइली आहेत. फाटकावर प्रत्येकाची झडती होते, कागदाचा तुकडासुद्धा बाहेर जात नाही. म्हणजे चौदा पानं आतच होती. पण चाळीस हजारांत शोधायची तर महिना गेला असता. घड्याळात अडीच वाजले होते, आणि पानं हातात येईपर्यंत चारचे हुकूम मागे घ्यायचा धीर मला होत नव्हता.

बाई मामांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि सहज चौकशी केल्यासारख्या एकेक फाइल मागू लागल्या. अमुक साली सीमेवर पकडलेल्या शस्त्रांची. मामांनी जाडजूड सूची काढली, बोट फिरवलं, क्रमांक पाहिला, मग कपाटाकडे गेले. परदेशी पत्रव्यवहाराची. पुन्हा सूची, पुन्हा बोट, पुन्हा क्रमांक.

"आणि बसस्थानकाच्या स्फोटाची," बाई म्हणाल्या. "मृतांची यादी आहे ती."

मामा वळले आणि सरळ चालू लागले. सूची टेबलावर उघडीच राहिली. सातवी रांग, डावीकडे, खालून दुसरा कप्पा. हात न चाचपडता फाइलवर पडला.

मग हातात फाइल घेऊन ते तिथेच थांबले. आपण काय केलं ते त्यांना कळलं होतं.

बाईंनी जवळ जाऊन ती हळूच काढून घेतली. मृतांच्या यादीमागे, मृतदेह ताब्यात घेतल्याच्या पावत्यांच्या आधी, चौदा पानं ओवलेली होती. गाठ बारीक, टोकं आत खोचलेली. पुढच्याच पावतीवर एका तेवीस वर्षांच्या मुलीचं नाव होतं. खाली, ताबा घेणाऱ्याचं नातं: मामा. ते अक्षर मी ओळखलं. चाळीस हजार फाइलींच्या पाठीवर तेच अक्षर होतं.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ते खरोखर कुणाचे मामा होते, हे एकाही माणसाने कधी विचारलं नव्हतं.

६

"बहीण लवकर गेली," मामा म्हणाले. ते खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. "मीच वाढवली तिला. नाव तिच्या वडिलांचं, म्हणून तुमच्या यादीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. इथे येऊन रडायचं काय?"

"जबाब कधी वाचलात?"

"एकतीस वर्षांत एक फाइल वाचली नाही मी, बाई. क्रमांक बघायचा आणि ठेवायचं. परवा मोहोरबंद करायला पानं मोजत होतो, तर तारीख दिसली. तीच तारीख." त्यांनी तळवे मांड्यांवर घासले. "मग वाचली. उभ्यानेच. त्याला मुलगी आहे. ती शाळेत जाते. तो तिला सोडायला जातो."

"त्याला मारायचं होतं तुम्हाला?"

"नाही!" ते एकदम उठले. "पोरीचे कागद मी आत ठेवले, बघितलंत ना तुम्ही? मला फक्त... एक दुपार हवी होती. एकच. त्याने धावत शाळेत जावं. पोरीचा हात धरून गर्दीत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघावं, हा का तो का म्हणून. मी नऊ वर्षं तसाच बघतोय. तुमच्या नियमाप्रमाणे फाइल फुटली की माणसाला हलवतात. तेवढंच व्हायला हवं होतं."

बाईंनी चष्मा काढला. 

"मामा," त्या म्हणाल्या, "जे स्वतः भोगलं ते दुसऱ्याला भोगायला लावायचं, आणि तेही भीती घालून. मी पंचवीस वर्षं हाच विषय शिकवला. त्याला आम्ही काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या सगळ्या फाइलींच्या पाठीवर लिहिलंय." आवाजात राग नव्हता. "आणि तुमची चिठ्ठी गवंड्यापर्यंत पोचलीच नाही. ती ह्याच्यापर्यंत पोचली. खाली एक पोरगा सकाळपासून कुलपात आहे. डोंगरापलीकडे दोनशे जवान निघालेत. तिथे त्याची आई आहे."

"कोण कुलपात?" मामांनी विचारलं.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. सकाळी फाइल देऊन ते दप्तरखान्यात परतले ते बाहेर आलेच नव्हते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटाला हात लावला आणि तसेच खाली बसले.

"माझ्या मनात त्याचं नाव नव्हतं," ते म्हणत राहिले. "आईशप्पथ, त्याचं नाव नव्हतं माझ्या मनात."

"कुणाच्याच मनात नसतं," बाई म्हणाल्या.

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी फोन उचलला. पहिली गाडी वस्तीच्या पुलापाशी पोचली होती. छाप्याचा आणि कुटुंब हलवायचा, दोन्ही हुकूम मी मागे घेतले. पलीकडच्या अधिकाऱ्याने तीनदा विचारलं, साहेब, नक्की? तिसऱ्यांदा मी ओरडलो.

मग तळमजल्यावर गेलो आणि कुलूप काढलं. माफी मागितली. दुभाष्याने ऐकून घेतलं.

"उद्या कामावर येशील ना?" मी विचारलं. आज आठवलं तरी त्या प्रश्नाची लाज वाटते.

"आजचा दिवस अजून संपला नाही, साहेब," तो म्हणाला आणि आईला फोन करायला बाहेर गेला.

७

मामांची नोकरी गेली. खटला चालला, त्यांनी वकील न देता सगळं कबूल केलं. वय पाहून न्यायालयाने शिक्षा स्थगित ठेवली. मेजर प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसलेले असत. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुभाषी चार दिवसांनी कामावर आला. काम पूर्वीसारखंच चोख. फक्त जेवायला तो आमच्या टेबलावर पुन्हा कधी बसला नाही.

गवंड्याला काहीच कळू नये असं माझं मत होतं. ताईंनी उलट सांगितलं. अर्धवट कळण्यापेक्षा आपल्याकडूनच पूर्ण कळू दे. त्यांनी दोन महिने घेऊन त्याला हळूहळू सांगितलं. त्याने ऐकलं आणि आठवड्याने म्हणाला की त्या म्हाताऱ्यांना काही विचारायचं असेल तर मी समोर बसायला तयार आहे.

मामांना विचारलं. त्यांनी होय म्हणायला तीन महिने लावले.

अडचण एकच होती. गवंड्याला त्याच्या बोलीखेरीज धड काही बोलता येत नव्हतं आणि मामांना ती बोली येत नव्हती. मी बाहेरून दुसरा दुभाषी मागवायच्या तयारीत होतो. तेव्हा आमचा दुभाषी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मी बसतो," तो म्हणाला.

"तुला बसायची गरज नाही. तुझ्यावर आमचा काही हक्क नाही."

"माहीत आहे. पण परका माणूस शब्द सौम्य करील. किंवा तिखट करील. हे नेमकंच सांगायला हवं."

भेट एका सरकारी विश्रामगृहात झाली, दुपारी, मागच्या खोलीत. तिघंच आत. मी आणि बाई व्हरांड्यात. दीड तास झाला. आतून आवाज आला नाही, ना चढा, ना रडण्याचा. बाई पुस्तक उघडून बसल्या होत्या, पान उलटत नव्हत्या.

दार उघडलं. आधी दुभाषी आला आणि आमच्याकडे न बघता नळावर तोंड धुवायला गेला. मग मामा आले. आम्ही दोघंही उभे राहिलो. 

"मी एकच विचारलं," मामा आपण होऊनच म्हणाले. "तू बॅग ठेवलीस तेव्हा बाकावर कोण होतं ते आठवतं का. पिवळी ओढणी म्हणाला. पुस्तक वाचत होती म्हणाला." त्यांनी श्वास घेतला. "बाकावर गर्दी होती. हा बॅग घेऊन उभा होता. ती बाजूला सरकली, म्हणाला. स्वतःची पिशवी मांडीवर घेतली आणि त्याला बसायला जागा करून दिली."

बाईंनी पुस्तक मिटलं.

"जबाबात नाही ते," मी म्हणालो. 

"नाही. तीन वर्षांत कुणाला सांगितलं नाही म्हणाला. ह्याच गोष्टीने झोप गेली म्हणाला, आणि त्या झोपेपायी परत आला." मामांनी मान हलवली. "मला तर ते सांगायच्या आधीच कळलं. लहानपणापासून तशीच. कुणी उभं दिसलं की सरकायची."

नळ बंद झाला. दुभाषी रुमालाने तोंड पुसत आला. मामा त्याच्यासमोर उभे राहिले आणि काही बोलू लागले, पण ओठ नुसतेच हलले. दुभाष्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"चला," तो म्हणाला. "माझी गाडी आहे. तुम्हाला घरी सोडतो."

मामा गाडीच्या मागच्या दाराकडे वळले. त्याने पुढचं उघडून धरलं.